उन्हाळा संपेपर्यंत केमो थांबवायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, राहणार नागपूर, दहा वर्षांपासून मधुमेह. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली, २४ मार्चला ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये टी३ एन१बी लिहिलंय. १८ लिम्फ नोड तपासले, त्यातल्या २ मध्ये आजार सापडला. डॉक्टर २७ एप्रिलपासून केमो सुरू करू म्हणतात: दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि त्यासोबत चौदा दिवस गोळ्या. घरची मंडळी म्हणतात, एवढ्या उन्हात कशाला, पाऊस पडू द्या, अंगात जरा ताकद येऊ द्या. थांबावं का, आणि तयारी काय करावी?

थांबू नका. हे आधीच सांगून टाकतो.

ऑपरेशनने दिसणारा आजार काढला, केमो न दिसणाऱ्यासाठी आहे. पेशी दोन नोडपर्यंत पोचल्या होत्या, म्हणजे काही त्यापुढेही निसटल्या असू शकतात, आणि त्या कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्या मूठभर आहेत तोवरच औषधाचा त्यांच्यावर जोर चालतो. म्हणून ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरुवात करायची आणि आठच्या पुढे जायचं नाही, असा आमचा हिशेब असतो. तुमचे आठ आठवडे १९ मेला भरतात. नागपुरात पाऊस धरायला जूनचा मध्य उजाडतो, म्हणजे बारा आठवडे झाले. जखम चिघळली असेल, टाक्यांतून पू येत असेल, आतड्याचा जोड गळत असेल, तर आम्ही आपणहून थांबतो. ऊन हे त्या कारणांत बसत नाही.

२७ एप्रिलला सुरुवात झाली तर पुढची सलाईन १८ मे, ८ जून आणि २९ जूनला येतील. दुसऱ्या वेळच्या गोळ्या ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत येणार, हे खरं आहे. त्याची तयारी करता येते; खाली त्याबद्दलच जास्त लिहिलंय.

आता ‘ताकद’. हा शब्द मी रोज दहा वेळा ऐकतो आणि दर वेळी विचारतो, म्हणजे नेमकं काय? ऑपरेशनच्या आधीचं वजन किती, आज किती? हिमोग्लोबिन किती, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती? बाबा स्वतः आंघोळ करतात का, दिवसातला बराचसा वेळ अंथरुणाबाहेर असतात का? ही उत्तरं बरी असतील तर ते तयार आहेत. बरी नसतील तर नुसतं थांबून ती सुधारत नाहीत, काही करावं लागतं. उजव्या बाजूची गाठ महिनोन्महिने थोडं थोडं रक्त गाळत असते, कुणाला पत्ता नसतो. म्हणून अशा पेशंटचं लोह तळाला गेलेलं असतं. फेरिटिन तपासा, त्यातून अंगातला लोहाचा साठा कळतो. कमी असेल तर गोळ्यांच्या मागे न लागता शिरेतून लोह देता येईल का ते विचारा, पोटही बिघडत नाही. आपल्या विदर्भात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: घरात कुणाला सिकलसेल आहे का? असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर यायला हवं, कारण पांढऱ्या पेशी वाढवण्याचं जे इंजेक्शन कधीकधी लागतं, ते सिकलसेलच्या रुग्णाला जपून द्यावं लागतं.

बी-१२ सुद्धा तपासून घ्या. उजवं आतडं काढताना लहान आतड्याचा शेवटचा थोडा भागही जातो आणि बी-१२ नेमकं तिथेच शोषलं जातं. त्यात दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ कमी करतं. सलाईनमधून जाणारं औषध, ऑक्सालिप्लाटिन, हातापायांच्या नसांना त्रास देतं. मधुमेहाने नसा आधीच थकलेल्या असतील आणि बी-१२ ही कमी असेल, तर तिन्हींचा मारा एकाच जागी होतो. केमोच्या आधी मी पेशंटला दोनच गोष्टी विचारतो: शर्टची बटणं न बघता लावता येतात का, आणि चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का? तुम्ही आजच बाबांना विचारा आणि उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. जुलैत हेच परत विचाराल तेव्हा फरक कळेल. नाहीतर ‘आधीपासूनच असं होतं’ आणि ‘केमोने झालं’ यावर घरात वाद होतो आणि डोस कमी करायचा की नाही हे आम्हाला कळत नाही.

तीन महिने की सहा, हे तुमच्या प्रश्नात नाही, पण असायला हवं होतं. पूर्वी सगळ्यांना सहा महिने देत असू. २०१८ मध्ये ‘आयडिया’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सहा चाचण्यांतले १२ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र करून. त्यातून दिसलं की गाठ टी४ पर्यंत, म्हणजे आतड्याच्या अगदी बाहेरच्या आवरणापलीकडे, गेलेली नसेल आणि तीनपेक्षा जास्त नोड बाधित नसतील, तर सलाईन आणि कॅपेसिटाबिन गोळ्यांची ही पद्धत तीन महिने दिली काय नि सहा महिने दिली काय, आजार परतण्यात म्हणावा असा फरक पडत नाही. हातापायांच्या नसांचा त्रास मात्र सहा महिन्यांत साधारण शंभरातल्या ४५ जणांना झाला, तीन महिन्यांत १५ जणांना. तुमचे वडील या कमी धोक्याच्या गटात बसतात. एक सलाईन आणि त्यामागच्या चौदा दिवसांच्या गोळ्या, अशी तीन आठवड्यांची एक सायकल; चार झाल्या की तीन महिने. तेव्हा ‘चार सायकल पुरतील ना?’ असं सरळ विचारा. डॉक्टर नाही म्हणाले तर कारणही विचारा. त्यांच्यासमोर पूर्ण रिपोर्ट आहे, माझ्यासमोर तीन ओळी आहेत. त्याच रिपोर्टमध्ये एमएमआर किंवा एमएसआयची तपासणी (गाठीच्या पेशींतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, हे बघणारी) झाली आहे का तेही बघा. झाली नसेल तर ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्यावरच ती होते, बाबांना परत काही टोचावं लागत नाही. ती उपचाराच्या निर्णयात कामी येते आणि आजार घराण्यातला आहे का याचा सुगावाही तिच्यातून लागतो.

बाकी तपासण्या पटकन सांगतो. सीबीसी, लिव्हर, किडनी, आणि सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी. हिपॅटायटिस बी नक्की, कारण तो विषाणू अंगात झोपलेला असेल तर केमोत जागा होऊ शकतो. ईसीजी, आणि छातीची जुनी तक्रार असेल तर टू-डी एको. किडनीचा आकडा गोळ्यांचा डोस ठरवतो. कॅपेसिटाबिन पचवणारं डीपीडी नावाचं एन्झाइम काही थोड्या लोकांत जन्मतः कमी असतं आणि त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. डीपीवायडी नावाची रक्ततपासणी त्यासाठी असते. स्वस्त नाही, पण खिशाला झेपत असेल तर करा. मात्र रिपोर्ट चांगला आला म्हणून गाफील राहू नका. तो सगळेच दोष पकडत नाही.

आता ऑक्सालिप्लाटिन आणि आपलं गाव.

या औषधानंतर पहिले पाच-सात दिवस नसांना थंडी सोसत नाही. बाहेर ४५ डिग्री असताना थंडीची काय भीती, असं वाटेल. पण नागपूरचा उन्हाळा म्हणजे चोवीस तास कूलर, फ्रिजमधल्या बाटल्या, रसवंतीचा बर्फ, माठ. हिवाळ्यात पेशंट शाल पांघरून येतो. मे महिन्यात ऑपरेशन झालेल्या माणसाला दया येऊन घरचेच गार पाण्याचा ग्लास देतात. सलाईन घेऊन घरी पोचल्यावर पहिल्या तासात हे होतं. स्टीलचा ग्लास हातात घेतला की बोटांत मुंग्या, आणि घोट घेतला की घशात काचा. काहींना श्वासच अडकल्यासारखं वाटतं, घाबरून ते गळा धरून बसतात. प्रत्यक्षात श्वास चालू असतो, ऑक्सिजन ठीक असतो. घशाच्या नसा खोटी बातमी देत असतात. बसवा, कोमट पाणी घोट घोट द्या, काही मिनिटांत ओसरतं. मात्र अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, छातीत घरघर असेल तर ती ॲलर्जी, मग दवाखाना. आणि हे सलाईन चालू असतानाच झालं तर लगेच सिस्टरला हाक मारा, ‘होईल कमी’ म्हणत बसू नका.

तेव्हा सलाईनच्या आदल्या दिवशी घरात फिरून बघा. बाबांच्या पाण्याची वेगळी बाटली, फ्रिजमधली नाही, पहिला आठवडा माठातलीही नाही. स्टीलऐवजी काचेचा किंवा प्लास्टिकचा पेला. फ्रिज त्यांनी उघडायचा नाही. तो दांडाही झोंबतो. कूलर बंद करू नका, नाहीतर ऊन लागून वेगळीच भानगड होईल; फक्त झोत अंगावर, तोंडावर नको. खाट कूलरच्या समोरून हलवून कोपऱ्यात लावा, आणि पहाटे चारला हवा गार होते तेव्हा अंगावर एक चादर हाताशी असू द्या. एसी असेल तर २७-२८ वर. दवाखान्यातून परतताना गाडीतल्या एसीची जाळी त्यांच्याकडून वळवा. हे कुणाच्याच लक्षात येत नाही. पहिला घास चावताना जबड्यात एकदम कळ येते, दोन-तीन घासांत जाते. हेही आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

सलाईन हाताच्या शिरेतून देणार असतील तर त्या हातात दुखतं. गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवली की बरं वाटतं. सोबत घेऊन जा. चार सायकलसाठी बऱ्याच जणांना पोर्ट (औषध देण्यासाठी छातीवर कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) लागत नाही, पण शिरा सापडतच नसतील तर पोर्ट बसवायला नकार देऊ नका. दर वेळी सहा-सहा ठिकाणी टोचून घेण्यात काही शौर्य नाही. औषध ग्लुकोजच्या पाण्यातून जातं आणि उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही देतात, त्यामुळे दोन-तीन दिवस साखर चढेल. ग्लुकोमीटर घरी हवा. किती आकड्याला फोन करायचा ते आधी विचारून ठेवा. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिनसारखी काही असेल, किंवा बीपीसाठी लघवीची गोळी असेल, तर जुलाब-उलट्या झाल्यावर यातली कुठली बंद करायची हेही त्याच वेळी कागदावर लिहून घ्या. जुलाब रात्री दोनला सुरू होतात, तेव्हा विचारायला कुणी नसतं.

इथपर्यंतचं सांभाळता येतं. मला खरी धास्ती असते ती गोळ्यांची. सलाईन आमच्या डोळ्यांसमोर जातं, गोळ्या घरी जातात. लोकांना वाटतं, सलाईन म्हणजे केमो आणि गोळ्या म्हणजे त्याच्या जोडीचं काहीतरी टॉनिक. कॅपेसिटाबिन पूर्ण वाढलेली केमो आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी काटोलकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे होते. शिस्तीचा माणूस. मी त्यांना सांगितलं होतं, ‘गुरुजी, गोळ्या वेळेवर, एकही चुकवायची नाही.’ त्यांनी शंभर पानी वहीला रेघा मारून तक्ता केला, सकाळ-संध्याकाळ टिक. नवव्या दिवशी जुलाब लागले. दिवसाला आठ-नऊ वेळा. मे महिना, गच्चीखालची खोली. त्यांनी टिक मारणं चालू ठेवलं. बाराव्या दिवशी मुलाने उचलून आणलं तेव्हा जीभ चामड्यासारखी, लघवी बंद, किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, सहाच्या वर. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: ‘डॉक्टरसाहेब, एकही चुकवली नाही.’ वही उशाशी होती. ते वाचले, पुढे पाच वर्षं तपासणीला येत राहिले. पण ते वाक्य मी परत कुणाला म्हटलेलं नाही. आज्ञाधारक पेशंटची मला तेव्हापासून भीती वाटते.

म्हणून पहिल्या सायकलच्या आधी डॉक्टरांकडून एक गोष्ट मागून घ्या: गोळी थांबवायची परवानगी, लेखी. माझ्या पेशंटच्या कागदावर मी ती लाल पेनाने लिहितो. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौचाला जावं लागलं, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, दिवसात दोनपेक्षा जास्त उलट्या, तोंड इतकं आलं की पोळी खाववत नाही, तळहात-तळपाय लाल होऊन दुखायला लागले, ताप, छातीत दुखलं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही. आधी थांबायचं, मग फोन करायचा. फोन लागला नाही म्हणून ‘तोवर एक घेऊन टाकू’ असं नाही. थांबलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात, सुटलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नसते. दोन-चार दिवस गोळ्या थांबल्याने आजार परत येत नाही. छातीत दुखणं मात्र फोनची वाट बघण्यासारखं नाही, सरळ इमर्जन्सी. या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, अगदी निरोगी माणसालाही.

‘नेहमीपेक्षा चार वेळा जास्त’ म्हटलं, पण नेहमीचं काय? उजवं आतडं काढल्यावर अनेकांना तसंही दिवसातून तीन-चारदा पातळ होतं. म्हणून आजपासून एक आठवडा कॅलेंडरवर आकडा लिहा. तो तुमचा पाया. जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडची पट्टी आणि ओआरएसची पाकिटं घरात आणून ठेवा. लोपरामाइड कसं घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. बाबांना शुगर आहे म्हणून ते टाळू नका, एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं; जुलाबात किडनी जाण्यापेक्षा तेवढी साखर परवडली.

गोळी घ्यायची ती जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याने, दोन वेळांत साधारण बारा तास. चतुर्थीचा, एकादशीचा उपवास करत असतील तर या चौदा दिवसांपुरता सोडा, देवाला कळतं. अगदीच मोडवत नसेल तर वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी खाऊन गोळी घ्या, रिकाम्या पोटी नको. गोळी फोडून, कुटून देऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोळ्यांना हात लावायचा नाही. रक्त पातळ करणारं वारफेरिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर आधी सांगा, दोन्हींशी या गोळीचं वाकडं आहे. मल्टिव्हिटॅमिनच्या पट्टीवर फोलिक ॲसिड किती आहे ते डॉक्टरांना दाखवा. जास्त फोलिक ॲसिडने गोळीचा त्रास वाढतो.

तळहात-तळपायांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या, लाल झाल्यावर नाही. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय टाकायचा नाही. टाकीतलं दुपारचं पाणी चटका देतं, त्याने आंघोळ नाही, सकाळचंच वापरा. नवी करकरीत चप्पल नको, सैल आणि मऊ हवी. युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा. दिल्लीच्या एम्सने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधं डायक्लोफिनॅक जेल हातापायांना लावणाऱ्यांत हा त्रास बराच कमी दिसला. तुमच्या डॉक्टरांना विचारून लावा. औषधाच्या दुकानात कंबरदुखीसाठी मिळतं तेच जेल. आणि एक गंमत वाटेल अशी गोष्ट: या गोळीने बोटांचे ठसे पुसट होतात. रेशन दुकानात, बँकेत अंगठा लागत नाही. आधारची, योजनेची, पेन्शनची जी काही अंगठ्याची कामं असतील ती २७ तारखेच्या आत उरका.

तापाबद्दल थोडं कडक बोलतो. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की तासाभरात निघायचं, दिवस असो की रात्र. सलाईननंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हाचा जंतुसंसर्ग काही तासांत माणूस घेऊन जातो. आपल्याकडे तापाला प्रत्येक मोसमात एक कारण तयार असतं. मे महिन्यात ‘ऊन लागलं असेल’, मग पन्हं, तळव्यांना कांदा, रात्रभर वाट. जुलैत ‘डेंग्यूची साथ आहे’. असेलही डेंग्यू, पण ते दवाखान्यात रक्त बघून ठरवू. क्रोसिन देऊन ताप लपवू नका. थर्मामीटर डिजिटलच घ्या. पाऱ्याचा असेल तर नवतप्यात कपाटात पडल्यापडल्या तो १०४ दाखवत असतो. एका घरात त्यावरून रात्री अकराला सगळे गाडी काढून आले होते. मी रागावलो नाही. न येण्यापेक्षा ते बरं.

खाण्यात लोक उगाच घाबरवतात. दूध नको, साखर नको, असं काही नाही. वजन टिकवायचंय, म्हणून प्रत्येक जेवणात वरण, अंडं, पनीर, दही, दाणे यांतलं काहीतरी. ताक घरचं, फ्रिजबाहेरचं. फळं अखंड आणून घरी धुऊन कापा. रस्त्यावरच्या कापलेल्या टरबुजाच्या फोडी आणि बर्फाचा रस बंद. सावजी आणि तर्री-पोहे चार सायकल संपेपर्यंत विसरा. हे बोलताना मलाही वाईट वाटतं, पण त्या तिखटाने जुलाब औषधाचे की रश्शाचे हे ओळखता येत नाही. गुळवेलीचा काढा, कुणीतरी गावाहून पाठवलेली पुडी, यांना सध्या सुट्टी. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवले आहेत, आणि केमोत लिव्हर बिघडलं तर दोष कुणाचा हे शोधण्यात दिवस जातात. खर्रा खात असतील तर आजच बंद. त्याने तोंडाची आतली त्वचा आधीच सोललेली असते, त्यावर कॅपेसिटाबिनने तोंड आलं की पाणीही गिळवत नाही. किडलेले, हलणारे दात आत्ताच दाखवून घ्या. केमो सुरू झाल्यावर दात काढणं लांबतं. फ्लूची लस केमोच्या निदान दोन आठवडे आधी दिलेली बरी, म्हणजे हाच आठवडा.

केस जाणार का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांच्या मनात असणार. या दोन औषधांनी टक्कल पडत नाही, थोडे विरळ होतात. त्यांना हे आज सांगा. जेवणाची भांडी वेगळी करायची गरज नाही, नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर दोन दिवस संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं आणि उलटी-लघवीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे, एवढंच.

चालणं सुरू ठेवा, पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत. फुटाळ्यावर गेले तरी चालेल, घरासमोरच्या गल्लीत वीस मिनिटं चकरा मारल्या तरी चालेल. २०२५ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली नेमाने व्यायाम करणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी दिसलं: पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेले ८० टक्के, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ७४. औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याची किंमत लाखांत असती.

पैशाचं बोलायचं तर, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, केमो धरून. तुमचं रुग्णालय त्यात आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन सलाईनच्या तारखेच्या चार दिवस आधी जा, त्याच सकाळी नको. मंजुरी अडकली की पेशंट उपाशीपोटी बाकावर बसून राहतो. शहरात मानेवाड्याकडचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल, एम्स अशा जागा आहेत. तुम्ही नागपुरात राहता हे नशीब समजा. माझ्याकडे गडचिरोलीहून, बालाघाटहून लोक येतात; त्यांना मी सातव्या ते चौदाव्या दिवसांत शहरातच कुणाकडे तरी राहायला सांगतो, कारण रात्री तापात चार तासांचा प्रवास म्हणजे हातची वेळ घालवणं. तुम्हीही त्या आठवड्यात लग्नासाठी बाबांना घेऊन बाहेरगावी जाऊ नका. मे महिना आहे, आमंत्रणं येतील.

शेवटी तुमच्याबद्दल. तुमचं वय लिहिलं नाहीत. वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी आणि वडिलांच्या सख्ख्या भावंडांनी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून घ्यायची असते, त्रास काही नसला तरी. एमएमआरचा रिपोर्ट वेगळा आला तर त्याच्याही आधी. बाबांची ऑपरेशनपूर्वीची कोलोनोस्कोपी गाठीमुळे अर्धवट राहिली होती का तेही फाइलमध्ये बघा. राहिली असेल तर केमो संपल्यावर लगेच पूर्ण करून घ्यायची आहे. दोघांची तारीख एकाच आठवड्यात घेतलीत तरी चालेल, जुलाबाचं औषध प्यायला एकमेकांची सोबत होईल.